अंगठ्याची शाई

प्रिय तुफान,

‘प्रिय’ खोडावं का, असा विचार करत मी पाच मिनिटं बसले होते. मग राहू दिलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तुला लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी याच शब्दाने सुरू झाली आहे. आता नवीन शब्द शोधायचे कष्ट तुझ्यासाठी घ्यावेत, असं वाटत नाही.

तुझा निरोप आपल्या नाटकातल्या लंबूने दिला. शनिवारी दुपारच्या प्रयोगाला मी आले नाही तरी चालेल, पण माझ्या आईला मात्र गाडी पाठवून आणायचं. नाटक संपलं की तिला मंचावर बोलवायचं, तुझ्या आईशेजारी उभं करायचं आणि दोघींच्या हातात मिळून एकच गुच्छ द्यायचा. एकच! हे तुलाच सुचलं असणार. फोटोत छान दिसेल, एक काळा हात आणि एक गोरा हात. हो की नाही ते शुक्रवारच्या आत कळव म्हणालीस. कळवते, पण माझ्या पद्धतीने, पहिल्यापासून. तुला ठाऊक असलेलंही सगळं लिहिणार आहे. बोलायला लागलं की तू माझं वाक्य निम्म्यावर तोडतेस आणि उरलेलं स्वतःच्या सोयीने पुरं करतेस. कागदावर तुला ते जमणार नाही. आणि मी सोयीचं तेवढंच लिहिलं, असंही नंतर कोणी म्हणायला नको.

दोन वर्षांपूर्वी तू म्हणालीस की या शहरातल्या बायकांवर नाटक लिहायचंय. गोऱ्या आणि काळ्या बायका एका छपराखाली राबतात तेव्हा त्यांच्यात काय काय चालतं, ते. "तुझी आई बोलेल का गं माझ्याशी?" मी आईला तीन दिवस विनवलं. ती म्हणाली, "माझं कसलं नाटक करताय? मी काय राणी लागून गेले?" शेवटी बोलायला बसली ती माझ्यासाठी. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. माझी मैत्रीण लेखिका आहे आणि ती आपल्या खोलीत येऊन खाली सतरंजीवर बसते, याचं तिला केवढं कौतुक होतं. त्या चार दुपारी तिने फळीवरचे चांगले कप काढले. तुझा फोन तिचा आवाज टिपत होता आणि ती वाकून त्या फोनशीच मोठ्याने बोलत होती, जणू त्याला ऐकायला कमी येतं. आपण दोघी हसलो होतो. ते हसू आठवलं की आता माझे कान तापतात.

तिने सांगितलं ते असं. दवाखान्याच्या धुलाईघरात मधे एक भिंत होती. भिंतीच्या एका अंगाला ओली बाजू. तिथे रक्ताच्या, पुवाच्या चादरी यायच्या. भिजवायच्या, चोळायच्या, औषधाच्या पाण्यातून काढायच्या. त्या बाजूला सगळ्या आमच्या, काळ्या. दुसऱ्या अंगाला कोरडी बाजू. तिथे इस्त्री, घड्या, कपाटं. त्या सगळ्या तुमच्या, गोऱ्या. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. भिंतीत एक खिडकी होती आणि तिला लाकडी झडप. कपडे तेवढे त्यातून पलीकडे जायचे. थंडीत आईची बोटं बधिर व्हायची, तेव्हा पलीकडची एक बाई झडप उघडून नुकताच वाळलेला गरम टॉवेल पुढे करायची. आई त्यात पाच मिनिटं हात गुंडाळायची आणि परत द्यायची. मग त्याची घडी व्हायची. रोज, सहा वर्षं. दोघींनी एकमेकींचं घर कधी पाहिलं नाही. आई तिला ‘घडीवाली’ म्हणायची आणि ती आईला ‘ए ओली’. या चिडवण्यावर आई अजून हसते.

औषधाच्या पाण्याने ओल्या बाजूच्या बायकांच्या हातांची सालं निघायला लागली, तेव्हा त्यांनी रबरी हातमोजे मागितले. मिळाले नाहीत. मग ठरलं की एके सकाळी कोणीच आत जायचं नाही. ओली नाही, कोरडी नाही. घडीवालीने झडपेतून हात घालून आईला शब्द दिला. त्या सकाळी आमच्या अकराजणी अंगणात उभ्या राहिल्या आणि तुमच्या मागच्या दाराने कामावर गेल्या. दुपारी साहेबांनी एक कागद काढला. त्यात होतं की ओल्या बाजूच्या बायका आपल्या मर्जीने काम सोडून गेल्या, हातमोज्यांबद्दल कोणीही काही मागितलं नव्हतं. तो कागद आधी अंगणात आणला. या कागदावर अंगठा उठवा, उद्या विचार करू, म्हणाले. आईला अक्षर येत नव्हतं. तिने विचारलं, "यात लिहिलंय काय?" साहेब म्हणाले, "तुला काय करायचंय? अंगठाच तर द्यायचाय." आईने हात पाठीमागे बांधले. ते बघून बाकीच्या दहाजणींनीही. मग तोच कागद साक्षीसाठी कोरड्या बाजूला गेला आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्यांनी भरला.

दुसऱ्या दिवशी आई आपली चप्पल आणि ओचा खोचायचा जाड पट्टा आणायला गेली. झडप उघडली. घडीवालीने सवयीने गरम टॉवेल पुढे केला. आईने पाहिलं, तिच्या अंगठ्याला निळी शाई होती. आई म्हणाली, "टॉवेल राहू दे तुझ्याकडेच. आधी अंगठ्याची शाई पूस." आणि निघून आली. नंतर एकवीस वर्षं तिने लोकांच्या इमारतींचे जिने पुसले, आणि मी त्या जिन्यांवर बसून बाराखडी गिरवली.

चौथ्या दुपारी एवढं सांगून झाल्यावर ती तुला म्हणाली, "हे असंच लिही हं, पोरी. गोड करू नको." तू मान डोलावलीस. तुझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, किती मायाळू आहे ही.

मग तू गोड केलंस. तुझ्या नाटकात साहेबच खोटे अंगठे उठवतो, घडीवालीला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. शेवटच्या प्रवेशात ती झडप उघडते, टॉवेल पुढे करते, आणि माझी आई, म्हणजे आईची भूमिका करणारी लंबू, म्हणते, "जाऊ दे, झालं गेलं. हात तुझेही गार पडलेत." मग दोघी एकाच टॉवेलात हात गुंडाळतात आणि दिवा मंद होतो. हे पहिल्या वाचनात ऐकलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "प्रेक्षकांना घरी जाताना काहीतरी हवं असतं गं." मी गप्प बसले. माझंही मोजून ठेव यात. तालमी चाळीस झाल्या. मी विंगेत वही धरून बसणारी, कोणी अडकलं तर वाक्य पुरवणारी. ते गोड वाक्य मी चाळीस वेळा डोळ्यांखालून घातलं आणि त्यातल्या वेलांट्या तपासल्या. म्हणून तर तुम्ही सगळे मला ‘शुद्धलेखन’ म्हणता.

गप्प बसण्यासारखं आणखीही होतं. रंगभूषेच्या पेटीत लंबूच्या कातडीचा रंगच नव्हता. रंगभूषाबाई दर वेळी म्हणायच्या, "तुझ्यासाठी वेगळं मागवावं लागतं बाई, तोवर हेच चोपड." बिचारी राखेत लोळल्यासारखी दिसायची. काळ्या बायकांच्या अपमानावरचं नाटक, आणि पेटीत त्यांचा रंग नाही! मी तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "लांबून कळत नाही." तुमच्याकडून आम्ही नेहमी लांबूनच दिसत आलोय, म्हणून कळत नाही. प्रयोगानंतर तुमच्या बायका डोळे पुसत बाहेर यायच्या आणि माझे हात धरायच्या. एक म्हणाली, "तुमच्या लोकांत सहनशक्ती केवढी असते ना!" दुसरीने बोलता बोलता आपला कोट माझ्या हातात दिला. मी तो खुंटीला अडकवला. तिने मला ओळखलंच नव्हतं, तिला कोट ठेवायला कोणीतरी हवं होतं. तू पाहिलंस आणि हसलीस. मीही हसले.

आता त्या फोटोबद्दल. पंचविसाव्या प्रयोगाची पुस्तिका मी घरी नेली. आईला वाचता येत नाही, ती चित्रं बघते. मधल्या पानावर धुलाईघराचा जुना फोटो होता, कोरड्या बाजूच्या बायका पांढरे रुमाल बांधून ओळीत उभ्या. आईने बोट ठेवलं. "ही बघ, ही घडीवाली." मी पाहिलं. ते नाक, हनुवटीवरचा तो तीळ समोर बघत मी तुमच्या घरी चार वर्षं जेवले आहे. ती तुझी आई होती.

काकूंनी मला कधी वाईट वागवलं नाही, हे लिहायला हवं. फक्त ताट वाढताना दर वेळी म्हणायच्या, "आमच्याकडे कसलाच भेद नाही हो." माझ्या आईने तुला चार दुपारी चहा दिला, एकदाही असं काही म्हणाली नाही. एकदा काकूंनी विचारलं होतं, तुझी आई काय करते? जिने पुसते, म्हटलं. आणि त्याआधी? दवाखान्याच्या धुलाईघरात होती. काकू साखर आणायला आत गेल्या, आणि साखर टेबलावरच होती. त्यानंतर त्यांनी आईचा विषय काढला नाही. मी तेव्हा एवढंच समजले की त्यांना कमीपणा वाटला.

मी पुस्तिका घेऊन तुझ्याकडे आले. तू नाकारलं नाहीस. "पहिल्या दुपारपासून माहीत होतं," म्हणालीस. मग तू जे सांगितलंस ते मी विसरलेले नाही. तेव्हा तू तीन महिन्यांची होतीस, तुझे वडील घर सोडून गेले होते आणि साहेब काकूंना म्हणाले होते, "अंगठा नाहीतर दार." त्यांनी अंगठा दिला. वर्षभरात त्यांना कोरड्या बाजूची मुकादम केलं. तू म्हणालीस, "माझ्या आईच्या जागी तुझी असती तर?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण तुफान, हे तू नाटकात का लिहिलं नाहीस? तीन महिन्यांचं पोर छातीशी घेऊन अंगठा देणारी बाई मंचावर दिसली असती तर मी विंगेत रडले असते. आईसुद्धा कदाचित रडली असती. तू तुझ्या आईला माफी मिळवून दिलीस, पण ती मागायची वेळच तिच्यावर येऊ दिली नाहीस. आणि माफी द्यायचं काम कोणाला लावलंस? माझ्या आईला. तिला न विचारता, भाड्याच्या तोंडातून.

आता रविवारचा प्रयोग. काकू पहिल्या रांगेत होत्या. शेवटचा प्रवेश. झडप उघडली. घडीवालीची भूमिका तूच करतेस, तू टॉवेल पुढे केलास. लंबूचं वाक्य आलं आणि ती अडकली. तिचा मुलगा दोन दिवस तापाने फणफणला होता, तिची झोप झाली नव्हती. तिने विंगेकडे पाहिलं. मी वाक्य पुरवलं. लंबू क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग तुझ्याकडे वळली आणि खणखणीत म्हणाली, "टॉवेल राहू दे तुझ्याकडेच. आधी अंगठ्याची शाई पूस."

पुढे काय करायचं ते कोणत्याच वहीत नव्हतं. तू काय केलंस, आठवतं? तू टॉवेल मागे घेतलास आणि उजवा अंगठा मुठीत लपवलास. हे कुठल्याही तालमीत नव्हतं. तुझ्या अंगठ्याला शाई नव्हती. पडदेवाल्याने गोंधळून पडदा पाडला. टाळ्या झाल्या त्या फक्त अगदी मागून, दाराशी केरसुण्या घेऊन थांबलेल्या बायकांच्या. काकू उठून गेल्या होत्या.

अर्ध्या तासात तू मला आपल्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षबाईंच्या खोलीत नेलंस. कागद टाइप करून तयार होता. ‘प्रयोगादरम्यान माझ्या बेसावधपणामुळे चुकीचे वाक्य दिले गेले. सदर वाक्याचा कोणत्याही खऱ्या घटनेशी संबंध नाही.’ मी दुसरी ओळ दोनदा वाचली. अध्यक्षबाई म्हणाल्या, सही झाली नाही तर लंबूलाही काढावं लागेल, ती जाणूनबुजून बोलली असं धरावं लागेल. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "एक सहीच तर करायचीय." तुला कळलं का तू काय बोललीस? त्या चार दुपारी तू असंच एक वाक्य साहेबांच्या तोंडचं म्हणून फोनमध्ये टिपून घेतलं होतंस. आणि मी काय केलं, ते सांगते, म्हणजे माझीही लाज तुझ्याजवळ राहील. ‘सदर’च्या आधी एक स्वल्पविराम जास्तीचा पडला होता. तो मी खोडला. मग सही केली.

त्या दिवशी मी लवकर घरी आले म्हणून आईने विचारलं. मी सांगितलं. ती शेंगा सोलत होती, तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "काय लिहिलंय त्याच्यावर? वाचून दाखव." माझ्याकडे प्रत होती. वाचली. "ती दुसरी ओळ परत वाच." परत वाचली. मग म्हणाली, "मला वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं जन्मभर वाटायचं मला." आणि शेंगांचं भांडं उचलून आत गेली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी तीन दिवस असे काढले नसते.

आता तुला हवं ते उत्तर. आई शनिवारी मंचावर येणार नाही, गाडी पाठवू नकोस. ती आपली आपण येईल, स्वतःच्या पैशाचं तिकीट काढून मधल्या रांगेत बसेल आणि लंबू काय म्हणते ते ऐकेल. काकूंना भेटायचं असेल तर त्या आमच्या खोलीवर येऊ शकतात. आई म्हणते, "तिला सांग, कप आहेत माझ्याकडे." दुसरं, मी सही केलेला तो कागद खोटा आहे आणि मी माझी सही मागे घेते. बेसावधपणा वगैरे काही नव्हता. लंबूने माझ्याकडे पाहिलं तेव्हा माझं बोट वहीतल्या तुझ्या वाक्यावर होतं. मी ते वाचलं, आणि आईचं दिलं. लंबूचा यात काही दोष नाही, तिला मी पुरवलं ते ती बोलली. याच मजकुराचं पत्र आजच अध्यक्षबाईंना गेलं आहे. हे सगळं मी काल आईला वाचून दाखवलं, अगदी स्वल्पविरामासकट. तिने दोन जागी मला थांबवलं आणि काकूंबद्दल लिहिलेला एक जास्त कडू शब्द काढायला लावला. मग म्हणाली, "आण इकडे." घरात शाईचं पॅड नव्हतं, मी पेनची नळी फोडली. खाली माझ्या नावाशेजारी जो निळा डाग दिसतोय तो शाई सांडून पडलेला नाही. त्या वेळी अंगणात जो तिने दिला नव्हता, तो आहे. तिने आधी विचारलं होतं, "यात लिहिलंय काय?" आणि या वेळी तिला सांगणारं कोणीतरी होतं.

आता तुझी म्हणवत नाही, पण तुझ्या नाटकातलं ते एक वाक्य जिचं आहे तिचीच मुलगी,
शुद्धलेखन